ऑगस्टच्या सामन्यात चौथ्या क्वार्टरला मैदानावर कोण असेल?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ७ ऑगस्ट २०२५ ला फिलाडेल्फियात एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या ईगल्स आणि बेंगल्स या टीमांचा प्रीसीझनचा, म्हणजे सीझन सुरू होण्याआधीचा, सामना होता. बेंगल्सचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू, जो बरो खेळणार होता, ईगल्सचा जेलेन हर्ट्स बसणार होता, म्हणून तुम्ही बेंगल्सवर शंभर डॉलर लावलेत. बरो उतरला, त्याने गुण मिळवून देणारे दोन टचडाउन पास टाकले, आणि तरीही ईगल्स ३४-२७ असे जिंकले. आता तुम्ही विचारताय की हे सामने अभ्यास करून खेळता येतात, म्हणजे त्यांवर पैसे लावता येतात, की नाणं उडवण्यासारखंच आहे. शिवाय यंदाही बरो खेळणार असेल तर काय करावं, किती पैसे लावावेत, हेही विचारलंय.

अभ्यास करून खेळता येतात. पण तुम्ही ज्याचा अभ्यास केलात तो प्रश्नच वेगळा होता. कोणती टीम चांगली आणि कोणाचा क्वार्टरबॅक मोठा, याचं उत्तर तुम्ही शोधलंत. ते उत्तर सप्टेंबरात कामाला येतं. ऑगस्टमध्ये विचारायचं ते हे, की साठ मिनिटांपैकी किती मिनिटं कोण मैदानावर असेल, आणि त्या संध्याकाळी कोचला नेमकं काय हवंय. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी न्यू जर्सीत राहते, नोकरी विमा कंपनीत, जोखमीचा भाव ठरवण्याची. जून २०१८ मध्ये इथे मॉनमथ पार्कला पहिली कायदेशीर बेट लागली, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मी प्रीसीझन वहीत नोंदवून खेळतेय. २०२० चा प्रीसीझन कोविडमुळे झालाच नाही, तो सोडला तर एकही ऑगस्ट चुकवलेला नाही. खाली लिहितेय ते या वहीतून आलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

आपल्याकडे क्रिकेट बघत वाढलेल्यांना हे चटकन कळावं म्हणून परदेश दौऱ्यातला सराव सामना आठवा. तिथे अकराच्या जागी पंधरा जण आलटून पालटून खेळतात, मोठा फलंदाज पन्नास करून स्वतःच तंबूत जातो, मुख्य गोलंदाज सहा षटकं टाकून पायाला बर्फ लावून बसतो. त्या सामन्यात भारत जिंकला की हरला यावर कोणी कसोटीचा अंदाज बांधत नाही. एनएफएलचा प्रीसीझन हा असाच सराव आहे. फरक एवढाच, की इथे तळाच्या खेळाडूंसाठी तो जन्ममरणाचा सराव असतो.

ते कसं, ते आकड्यांतून बघा. ऑगस्टमध्ये प्रत्येक टीमकडे ९० खेळाडू असतात. महिनाअखेरीला ते ५३ वर आणावे लागतात. म्हणजे टीममागे ३७ जण जातात, आणि ३२ टीम मिळून जवळपास बाराशे जणांची नोकरी एका झटक्यात जाते. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची, २०२३ पासून एकाच वेळी होते. यातल्या काहींना प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये, म्हणजे सरावापुरत्या गटात, जागा मिळते, बाकीचे घरी. शेवटच्या क्वार्टरमध्ये धावणारा तो अनोळखी नंबरचा मुलगा यासाठी धावत असतो. आणि स्टार खेळाडूला त्या दिवशी एकच गोष्ट साधायची असते, धडधाकट घरी जायचं.

कोचलाही तेच हवं असतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पॅकर्सचा जॉर्डी नेल्सन पिट्सबर्गविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटून अख्ख्या सीझनला मुकला. त्याआधी १९९९ मध्ये रॅम्सचा ट्रेंट ग्रीन असाच प्रीसीझनमध्ये जायबंदी झाला होता. त्याच्या जागी कर्ट वॉर्नर आला आणि टीमने सुपर बोल जिंकला, म्हणून ती गोष्ट गोड वाटते. पण प्रत्येक कोचला ठाऊक आहे की आपल्या बाकावर वॉर्नर बसलेला नाही.

आता तुमच्या सामन्याकडे परत येऊ. बरोबद्दल तुमचा अंदाज अचूक निघाला. पण तो खेळला सुरुवातीचे मोजके ड्राइव्ह, म्हणजे टीमच्या हातात बॉल असतानाच्या सलग चाली. त्यानंतर सामन्याचा बराच मोठा भाग उरलेला होता, आणि तो भाग समोरून चालवला टॅनर मॅकीने. मॅकी २०२३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीमांनी कॉलेजचे खेळाडू फेऱ्यांनी निवडण्यातला, सहाव्या फेरीतला पिक. २०२४ च्या सीझनच्या शेवटी त्याला संधी मिळाली आणि त्याने ती घेतली, मग आधीचा राखीव क्वार्टरबॅक केनी पिकेट दुसऱ्या टीमकडे गेल्यावर तो ईगल्सचा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक ठरणार होता. टीमच्या पद्धतीत दोन वर्षं मुरलेला, स्वतःची जागा पक्की करायला उतरलेला आणि समोर राखीव डिफेन्स असताना बराच वेळ खेळणारा माणूस. प्रीसीझनमध्ये याहून मोलाची गोष्ट नाही. बरो आणि हर्ट्स यांची तुलना तुम्ही बरोबर केलीत. तुलना करायची होती ती मॅकीची, बेंगल्सकडून बरोनंतर येणाऱ्यांशी.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक सामन्याच्या पानावर सर्वात वर दोन्ही टीमचे चारही क्वार्टरबॅक क्रमाने लिहिलेले असतात, आणि प्रत्येकापुढे अपेक्षित मिनिटं. पहिल्याच्या नावापुढे बहुतेकदा शून्य ते दहा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या नावापुढे सगळा सामना. तिसरा जर पूर्वी कुठेतरी रेग्युलर सीझनचे सामने सुरू केलेला अनुभवी माणूस असेल, तर त्या टीमकडे मी लक्ष देते. तिसरा जर कॉलेजातून नुकताच आलेला, ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला मुलगा असेल आणि त्याच्यापुढची ऑफेन्सिव्ह लाइनही, म्हणजे त्याला वाचवणारे पाच जणही, तिसऱ्या फळीची असेल, तर दुसऱ्या हाफमध्ये ती टीम गुण कुठून आणणार, हे मला स्वतःला पटवून द्यावं लागतं. बहुतेकदा पटत नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनकडे लोक बघतच नाहीत, म्हणून तिथे थोडं थांबते. मुख्य पाच जण बसले की राखीव पाच येतात, आणि ते एकमेकांशेजारी फारसे खेळलेलेच नसतात. समोरून धावून येणाऱ्या राखीव पास रशरला मात्र कोणाशी ताळमेळ बसवायचा नसतो, त्याला फक्त धावायचं असतं. त्यामुळे राखीव विरुद्ध राखीव या लढतीत डिफेन्स नेहमी थोडा पुढे असतो. ज्या टीमचा राखीव क्वार्टरबॅक पायाने चपळ आहे ती यातून निसटते. जो लाइनच्या मागे जागेवर उभा राहून वाट बघतो तो आडवा होतो. कॅम्पमध्ये दोन-तीन लाइनमन जखमी असल्याची बातमी आली, की ती मी क्वार्टरबॅकच्या बातमीइतकीच ठळक लिहून ठेवते.

आता कोच. कोचांच्या सवयी असतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. रॅम्सचे शॉन मॅक्व्हे २०१८ पासून मुख्य खेळाडूंना प्रीसीझनमध्ये जवळपास उतरवतच नाहीत. मॅथ्यू स्टॅफर्ड २०२१ मध्ये रॅम्सकडे आला, तोही त्यांच्याकडून ऑगस्टचा सामना खेळलेला नाही. याच्या दुसऱ्या टोकाला बाल्टिमोर रेव्हन्सचे २०२५ च्या सीझनपर्यंतचे कोच जॉन हार्बॉ. त्यांच्या रेव्हन्सनी २०१६ पासून प्रीसीझनचे सलग २४ सामने जिंकले. आधीचा विक्रम लोम्बार्डींच्या पॅकर्सचा, १९ चा होता. २१ ऑगस्ट २०२३ च्या सोमवारी रात्री वॉशिंग्टनने शेवटच्या क्षणी ४९ यार्डांची किक मारून २९-२८ असं हरवलं, तेव्हा ही मालिका तुटली.

या मालिकेकडे दोन अंगांनी बघायला हवं. एक, ती योगायोगाने झाली नव्हती. मालिकेच्या उत्तरार्धात बाल्टिमोरचे राखीव क्वार्टरबॅक मुख्य क्वार्टरबॅकसारख्याच धावत्या पद्धतीत बसणारे असायचे, त्यामुळे माणसं बदलली तरी खेळ बदलत नव्हता. ड्राफ्टमधून भरलेला खालचा रोस्टर खोल होता. आणि किक मारायला जस्टिन टकर होता. ऑगस्टचे बरेच सामने दोन-तीन गुणांनी सुटतात, आणि बऱ्याच टीमांकडे त्या महिन्यात दोन किकर आपसात चाचणी देत असतात. तिथे पक्का किकर म्हणजे हातातली रोकड. दोन, मालिका जसजशी गाजत गेली तसतसा भावही चढत गेला. बाल्टिमोर जिंकतं हे सगळ्यांना कळल्यावर ती माहिती लाइनमध्ये, म्हणजे बेट घेणाऱ्या कंपन्यांच्या भावात, शिरली. २०२३ मध्ये मालिकेतला शेवटचा विजय त्यांनी ईगल्सवर २०-१९ असा मिळवला, म्हणजे एका गुणाने. टीम जिंकली, पण तीन-चार गुण देऊन, म्हणजे तेवढ्याहून जास्त फरकाने जिंकतील असं धरून, त्यांच्यावर पैसे लावले असते तर ते गेले असते. सवय ओळखणं हे अर्धं काम झालं. त्या सवयीचा भाव आधीच लागलाय का, हे बघणं उरलेलं अर्धं.

सवयी बदलतात, हेही लिहायला हवं. बेंगल्स २०२२ आणि २०२३ मध्ये पहिले दोन सामने हरले, २०२४ मध्ये पहिले तीन. मुख्य खेळाडू ऑगस्टमध्ये फारसे खेळत नाहीत म्हणून सुरुवात मंदावते, अशी चर्चा सिनसिनाटीत दर वर्षी व्हायची. २०२५ मध्ये त्यांनी बरोला उतरवलं ते याच कारणाने. तुम्हाला ती बातमी मोलाची वाटली, आणि होतीच. पण ती बातमी सप्टेंबरबद्दल होती. त्या रात्री बेंगल्सला सामना जिंकायचा नव्हता, मुख्य ऑफेन्सला काही ड्राइव्ह खेळवून बघायचं होतं. दोन टचडाउन मिळाले, त्यांचं काम झालं.

कोचच्या हेतूबद्दल लोक काही ठराविक गोष्टी सांगतात आणि त्या मी सरसकट मानत नाही. उदाहरणार्थ, नवा कोच पहिल्या ऑगस्टला जिंकायला जातो, असं म्हणतात. काही जातात. काहींना नवी पद्धत बसवायची असते आणि स्कोअरबोर्डकडे त्यांचं लक्षही नसतं. क्वार्टरबॅकच्या जागेसाठी खरी चुरस असेल तर मात्र फरक पडतो, कारण तेव्हा दोन सक्षम माणसं अडीच-तीन क्वार्टर जीव तोडून खेळतात आणि कोचही त्यांना पूर्ण प्लेबुक देतो. ही चुरस खरी आहे की फक्त पत्रकार परिषदेपुरती, हे सरावात पहिल्या फळीबरोबर कोण किती वेळा उभा राहतोय यावरून कळतं. टीमबरोबर रोज असणारे स्थानिक पत्रकार ते जवळपास प्ले मोजून लिहितात.

संयुक्त सराव हा अलीकडचा मोठा मुद्दा. दोन टीम सामन्याआधी दोन दिवस एकत्र सराव करतात, आणि मुख्य खेळाडूंना हवा तेवढा खेळ तिथेच मिळतो. अशा आठवड्यात सामन्याला स्टार बसवण्याची शक्यता खूप वाढते. वेळापत्रक आलं की मी आधी संयुक्त सरावाचे आठवडे तांबड्या पेनाने अधोरेखित करते.

जुनी एक समजूत पुसून टाका. चार सामन्यांचा प्रीसीझन होता तेव्हा तिसरा सामना म्हणजे रंगीत तालीम, मुख्य खेळाडू हाफपर्यंत खेळायचे. २०२१ पासून प्रत्येक टीमचे सामने तीन झाले, आणि तालमीची जागा ठरलेली राहिली नाही. कोणी दुसऱ्या सामन्यात करतो, कोणी करतच नाही. जुन्या लेखांतून हा नियम वाचून कोणी आजही पैसे लावत असेल तर त्याने थांबावं.

जय-पराजयाच्या यादीबद्दल एकच सांगते. डेट्रॉइट लायन्स २००८ मध्ये प्रीसीझन ४-० जिंकले आणि रेग्युलर सीझनमध्ये ०-१६ झाले. क्लीव्हलँड ब्राउन्सनी २०१७ मध्ये तंतोतंत तेच केलं. त्यामुळे ‘मागच्या आठवड्यात ही टीम तीस गुणांनी जिंकली’ हे वाक्य माझ्या वहीत कुठेच नसतं. त्या तीस गुणांपैकी कोणत्या फळीने किती केले, हे असतं.

आता भाव आणि नियम. नेहमीच्या स्प्रेडवर, म्हणजे गुणांच्या फरकाच्या बेटवर, ११० लावून १०० मिळतात. म्हणजे २१ पैकी ११ बरोबर आले, तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. सुमारे साडेबावन्न टक्के. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण ‘निम्म्याहून जास्त बरोबर येतात’ एवढ्यावर समाधान मानणारे वर्षभर हळूहळू हरत राहतात.

प्रीसीझनमध्ये २०२१ पासून ओव्हरटाइम नाही. बरोबरी झाली तर बरोबरीच. त्याच ऑगस्टमध्ये ईगल्स आणि जेट्स यांचा सामना ३१-३१ असा सुटला होता. कोचला बरोबरीत रस नसतो आणि दोन गुणांचा प्रयत्न फसला तरी गमवायचं काही नसतं, म्हणून शेवटी टचडाउन करूनही एका गुणाने मागे असलेली टीम बरोबरी करणारी एका गुणाची किक न मारता दोन गुणांसाठी जाते. त्यामुळे ३ आणि ७ हे फरकाचे नेहमीचे आकडे इथे थोडे सैल होतात, आणि १ व २ ला सप्टेंबरपेक्षा जास्त किंमत येते. अडीच गुण देणं आणि एक गुण देणं यातलं अंतर ऑगस्टमध्ये खरंच मोठं आहे.

मोठा स्प्रेड मी देत नाही. चारच्या वर गेलं की जवळपास नाहीच. त्याचं कारण सामना बघताना डोळ्यांना दिसतं. सप्टेंबरात चौदा गुणांची आघाडी असली की कोच बॉल धरून धावायला लावतो, घड्याळ संपवतो. ऑगस्टमध्ये त्याला आघाडी राखायचीच नसते. त्याला चौथ्या क्रमांकाचा कॉर्नरबॅक एकटा कसा टिकतो ते बघायचं असतं. म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत समोरची टीम सहज टचडाउन करते, आणि सामना जिंकूनही तुमचा स्प्रेड जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की त्यावर आता वाद घालत नाही.

टोटलबद्दल, म्हणजे दोन्ही टीमचे मिळून किती गुण होतील या बेटबद्दल. ऑगस्टच्या टोटल तिशीच्या शेवटी आणि चाळिशीच्या सुरुवातीला घुटमळतात. मला स्प्रेडपेक्षा टोटल जास्त आवडते, कारण दोन्हीकडचे दुसरे-तिसरे क्वार्टरबॅक कमकुवत असले की कोण जिंकेल हे ठरवावं लागत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. राखीव क्वार्टरबॅक बॉल समोरच्याच्या हातात देतात आणि त्यातून फुकटचे गुण होतात. ३१ जुलै २०२५ ला कॅन्टनमध्ये, प्रीसीझनच्या पहिल्या सामन्यात, चार्जर्सनी लायन्सना ३४-७ हरवलं, तेव्हा डेट्रॉइटच्या हातून बॉल वारंवार निसटत होता. दुसरी गोष्ट किकऑफच्या नव्या नियमाची. तो २०२४ मध्ये आला, आणि टचबॅक झाला, म्हणजे किक झेलून कोणी धावला नाही, तर बॉल आधी ३० यार्डांवर, मग २०२५ पासून ३५ वर ठेवला जाऊ लागला. ड्राइव्ह पुढून सुरू होतात, म्हणजे फील्ड गोलपर्यंत पोचायला राखीव ऑफेन्सलाही कमी चालावं लागतं. २०२४ च्या आधीच्या टोटलच्या नोंदी मी त्यामुळे बाजूला ठेवल्या आहेत.

वेळ कधी साधायची, हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण माझ्या मते कौशल्य इथेच आहे. कोच सामन्याच्या एक-दोन दिवस आधी बोलतो, आणि त्याच्या तोंडून कोण किती खेळणार हे निघालं, की लाइन काही मिनिटांत हलते. हलल्यानंतर लावणं म्हणजे शिळ्या बातमीला ताजा भाव देणं. म्हणून मी सामन्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून स्वतःचा स्प्रेड आधी पेन्सिलीने लिहिते. मग अ‍ॅपमधला बघते. उलट क्रमाने कधीच नाही. आधी अ‍ॅप बघितलं की माझा आकडा आपोआप त्यांच्या आकड्याजवळ सरकतो. दोन्ही आकड्यांत दोन गुणांचा फरक नसेल तर पान मिटते.

कोचचं वाक्यही शब्दशः लिहून ठेवते. ‘तो खेळेल’ आणि ‘तो पहिला क्वार्टर खेळेल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ‘बघू’ याचा अर्थ माझ्या अनुभवात बहुतेकदा ‘नाही’ असतो. एकदा माझी यातच चूक झाली. महिनाअखेरीचा सामना होता. दुसरा क्वार्टरबॅक अर्धा सामना खेळणार असं कोच म्हणाला होता, मी त्यावर नेहमीच्या दुप्पट रक्कम लावली. त्याची जागा त्या आठवड्यातल्या सरावातच पक्की झाली होती, हे मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. जागा पक्की झालेला राखीव क्वार्टरबॅक म्हणजे टीमच्या दृष्टीने जपून ठेवायचा माल. दोन ड्राइव्हनंतर त्याने हेल्मेट काढलं आणि टोपी घातली. उरलेला सामना चौथ्या क्रमांकाच्या मुलाने खेळला. तेव्हापासून शेवटच्या सामन्यात मी एवढंच विचारते, की कोणाची जागा अजून पक्की नाही? तो खेळेल.

पैशांबद्दल. सीझनमध्ये मी एका सामन्यावर, बेटिंगसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचा एक टक्का लावते, ऑगस्टमध्ये अर्धा. प्रीसीझनमध्ये एकूण ४९ सामने होतात, बत्तीस टीमचे तीन-तीन आणि वरचा एक कॅन्टनचा. त्यातले आठ-दहाच्या वर मी खेळत नाही. तुमचे शंभर डॉलर जास्त होते की कमी, हे तुम्ही बाजूला काढलेल्या रकमेवर अवलंबून आहे, आणि ती रक्कम पूर्ण गेली तरी घरच्या हप्त्याला धक्का लागणार नाही एवढीच असायला हवी. बेट घेणारी स्पोर्ट्सबुकही या सामन्यांवर मोठी रक्कम घेत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक आहे की इथे बातमी आधी कळणारा पुढे असतो. एका अ‍ॅपवर माझे दोन ऑगस्ट बरे गेले आणि तिसऱ्या वर्षी माझी मर्यादा काही डॉलरांवर आणून ठेवली होती. नियमाने त्यांना तसं करता येतं.

नियमांचं पान वाचाच. २०२४ मध्ये कॅन्टनचा बेअर्स-टेक्सन्स सामना वादळामुळे तिसऱ्या क्वार्टरमध्येच थांबवला, बेअर्स २१-१७ पुढे असताना. बऱ्याच स्पोर्ट्सबुकमध्ये फुटबॉलचा सामना ५५ मिनिटं झाल्याशिवाय धरत नाहीत. ज्यांनी बेअर्सवर लावून आनंद साजरा केला होता, त्यातल्या अनेकांना फक्त आपले पैसे परत मिळाले. ऑगस्ट हा वादळांचा महिना आहे.

कराचंही लक्षात घ्या. २०२६ पासून अमेरिकेत बेटिंगमधला तोटा उत्पन्नातून वजा करताना त्याच्या ९० टक्केच धरता येतात, आणि तेही कपाती वेगवेगळ्या दाखवत असाल तरच. म्हणजे वर्षभरात दहा हजार जिंकलात आणि दहा हजारच हरलात, तरी एक हजारावर कर लागू शकतो. आणि ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईला जाणार असाल तर तिथून काही लावायला जाऊ नका. इथली अ‍ॅप राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाहीत, आणि भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे.

एक मनापासून विचारते, कारण तुम्ही लिहिलंत की सीझन सुरू होईपर्यंत चैन पडत नाही. चैन पडत नाही म्हणून लावलेली बेट आणि दोन गुणांचा फरक दिसला म्हणून लावलेली बेट, या वहीत वेगवेगळ्या रकान्यात लिहून बघा. पहिला रकाना भरत चालला असेल तर १-८००-गॅम्बलर हा जुगाराच्या सवयीवर मदत करणारा क्रमांक आहे, फोन करण्यात काही कमीपणा नाही.

राहिलं बरोचं. यंदाही तो खेळणार असं जाहीर झालं तर त्याच्या नावापुढे दहा मिनिटं लिहा आणि खाली उतरा. त्याच्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण, आणि समोरून त्या वेळी कोण. ही नावं सामन्याच्या दोन दिवस आधी तुम्हाला अ‍ॅप न उघडता लिहिता आली, तर स्प्रेडकडे बघा. नाही आली तर सामना नुसता बघा.

कॅन्टनचा सामना मी दर वर्षी नुसताच बघते. तो सगळ्यात आधी येतो, त्यामुळे कोणाचीच सवय अजून कळलेली नसते, आणि त्या दोन टीमांना पुढे आणखी तीन सामने असल्याने मुख्य खेळाडू जवळपास नसतातच. टीव्हीसमोर वही घेऊन बसते आणि दोन्हीकडे कोणता क्वार्टरबॅक कितव्या मिनिटाला आला, त्याच्यापुढची लाइन कोणाची होती, किकर कोण होता, एवढंच लिहिते. आठवड्याने त्याच दोन टीम पुन्हा उतरतात, तेव्हा बाकीच्या तीस टीमांची पानं कोरी असतात आणि या दोघांची भरलेली.